जमिनीखालची ठेव

एक टन लोहखनिज काढायचे तर गोव्यात आधी साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात. खनिज ट्रकमध्ये भरले जाते, नदीकाठच्या धक्क्यावर येते, बार्जमधून मांडवीच्या नाहीतर जुवारीच्या पात्रातून मुरगावला पोचते आणि तिथून मोठ्या जहाजाने देशाबाहेर जाते. वाटेत त्याचे वजन होते, प्रत तपासली जाते, पावत्या होतात, कर भरला जातो. मागे राहिलेल्या तीन टनांची पावती होत नाही. ती माती खाणीच्या कडेला रचत नेतात. खाणपट्ट्यात त्या ढिगाला सगळेच डंप म्हणतात. डिचोली तालुक्यात काही डंप इतके जुने आहेत की त्यांच्यावर झाडे माजली आहेत. नवख्या माणसाला ते डोंगरच वाटतात.

गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. मोकळ्या मातीचा उभा ढीग आणि असा पाऊस एकत्र आले की माती खाली येणारच, आणि खाली शेत असते. पिळगाव, मये, पाळी, वेळगे, पिसुर्ले ही सगळी डोंगरउताराच्या पायथ्याची, ओहोळाकाठची गावे. लाल चिखल ओहोळातून पाटात येतो आणि पाटातून भातखाचरात पसरतो. पाणी ओसरल्यावर खाचरावर बारीक गाळाचा थर बसतो, उन्हाने तो कडक होतो आणि त्याला नांगराचा फाळ लागत नाही. एक-दोन वर्षे शेतकरी तो खरवडून काढतो. पुढच्या पावसात नवा थर येतो. मग नुकसानभरपाई येऊ लागते. भरपाई घेता घेता शेत पडीक राहते, आणि पडीक शेताला पुढे भाव राहत नाही.

चिखल निदान डोळ्यांना दिसतो. पाण्याचे दुखणे वरून दिसत नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

गोव्याच्या डोंगरांवर जांभ्या दगडाचे कवच आहे. पावसाचे पाणी त्याच्या भोकाभोकांतून आत झिरपते आणि खालच्या थरांत साठते. यातला पाणी धरून ठेवणारा एक महत्त्वाचा थर म्हणजे भुसभुशीत, भुकटीसारखे लोहखनिजच. खाण जे काढून नेते तेच या डोंगराच्या पोटातले पाण्याचे कोठार असते. हे भूजलाच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा मांडले आहे, आणि खाणपट्ट्यातल्या बायांना ते अभ्यासाशिवाय माहीत आहे, कारण विहिरीचा तळ त्यांना आधी दिसतो. खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला की चारी बाजूंचे पाणी तिथे उतरते. खनिज काढायचे तर ते उपसावेच लागते, म्हणून पंप रात्रंदिवस चालतात. डिचोली तालुक्यातल्या काही खाणींचे तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. अशा खाणीच्या आसपासची विहीर फेब्रुवारीत आटली तर त्यात नवल नाही. त्यानंतर टँकर येतो. गावात टँकर आला की तक्रार मिटली असे कागदावर लागते.

विहिरीबरोबर झरही आटते, आणि झर आटली की कुळागर जाते. ज्यांनी कुळागर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: डोंगराच्या कुशीतल्या झरीचे पाणी पाटाने खेळवत आणायचे, उताराला पायऱ्या करायच्या, वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरवेल चढवलेली, खाली केळी, त्याखाली अननस, आले, हळद. एकाच जमिनीत उंचीच्या चार-पाच पातळ्यांवर पीक. ही बाग पंपावर चालत नाही, डोंगराने वर्षभर थोडे थोडे सोडलेल्या पाण्यावर चालते. हिवाळ्यातले भात, ज्याला इथे वायंगण म्हणतात, तेही त्याच पाण्याचे. वायंगण बंद पडले की शेतकऱ्याचे वर्षाचे निम्मे पीक गेले. खाणपट्ट्यातल्या कित्येक गावांत वायंगण हा शब्द आता पन्नाशीच्या पुढच्या माणसांकडूनच ऐकू येतो.

विकासाला विरोध करणाऱ्यांनी जुन्या जगाचे गोडवे गायचे, असा हा लेख नाही. गोव्यात खनिज सापडले, ते काढले गेले, त्यावर हजारो घरे चालली, हे मी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की देशाच्या विकासासाठी म्हणून जे काढले, त्यातून देशाच्या आणि गावाच्या हाती काय राहिले.

इतिहास थोडक्यात. पोर्तुगिजांनी १९०६च्या कायद्याखाली गोव्यात खाणींची कन्सेशन्स दिली, आणि ती कायमची होती. त्यांतली बहुतेक पुढे, दुसऱ्या महायुद्धानंतर वाटली गेली. पन्नाशीच्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने जपान आणि युरोपला खनिज विकून तग धरला. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पण कन्सेशन्स तशीच राहिली. संसदेने १९८७मध्ये कायदा करून ती रद्द केली आणि पूर्वलक्षी प्रभावाने त्यांचे भारतीय कायद्याप्रमाणे भाडेपट्टे झाले. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ला संपली. नूतनीकरण जास्तीत जास्त वीस वर्षांचे, म्हणजे २२ नोव्हेंबर २००७पर्यंत. त्या तारखेनंतर गोव्यात एकाही खाणीकडे वैध पट्टा नव्हता. हे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४च्या निकालात स्पष्ट म्हटले.

आणि गोव्यातून सर्वाधिक खनिज कधी गेले? नेमके याच तारखेच्या आगेमागे. नव्वदच्या दशकात निर्यात साधारण दीड कोटी टनांच्या आसपास असायची. चीनमध्ये पोलादाची भूक वाढली, ज्या हलक्या प्रतीच्या खनिजाला पूर्वी कुणी विचारत नसे तेही विकले जाऊ लागले, आणि २०१०-११मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज गेले. जुने डंप उकरून विकले गेले. कुडचडे-सावर्डे रस्त्यावर ट्रकला ट्रक लागलेले असत, शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडता येत नसे, आणि त्या रस्त्यावर माणसे मेली.

आता पैशाचा हिशेब पाहू. जमिनीखालच्या खनिजाची मालकी राज्याची, म्हणजे जनतेची. ते काढून विकणाऱ्याने मालकाला जो मोबदला द्यायचा त्याला रॉयल्टी म्हणतात. ऑगस्ट २००९पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी टनामागे ठरावीक रुपयांत होती आणि उत्तम प्रतीलाही ती तीस रुपयांच्या आतच राहायची. त्याच काळात जागतिक बाजारात टनाचा भाव शंभर डॉलरच्या वर जाऊन आला होता. काढण्याचा, वाहण्याचा खर्च आणि खाणवाल्याचा वाजवी नफा वजा केला तरी मधे जी रक्कम उरते ती मालकाची. मालकाला तिच्यातून चिमूटभरही मिळाले नाही. ऑगस्ट २००९मध्ये रॉयल्टी किमतीच्या दहा टक्के झाली, २०१४मध्ये पंधरा टक्के. तोवर खाणीतला मोठा माल निघून गेला होता. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाने २०१२मध्ये बेकायदा खाणकामाने झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांचा दिला. या आकड्यावर वाद झाले. आकडा निम्मा धरला, चौथा हिस्सा धरला, तरी गोव्यासारख्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याला तो पेलणारा नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र चोरीपेक्षा हिशेबाच्या पद्धतीवर आहे. कायद्याने, पुरा कर भरून काढलेले खनिजसुद्धा आपण चुकीच्या खात्यात मांडतो. राज्याच्या अंदाजपत्रकात रॉयल्टी महसूल म्हणून येते आणि पगार, रस्ते, समारंभ यांत खर्च होते. राज्याच्या सकल उत्पन्नात खाणीचे उत्पादन भर म्हणून धरले जाते; जमिनीखालून तितकाच ऐवज कायमचा गेला, याची वजाबाकी कुठेच होत नाही. वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशाला घरातला कर्ता पगार म्हणू लागला तर आपण त्याला सावध करू. राज्याच्या बाबतीत आपण त्यालाच विकासदर म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. खनिज पुन्हा उगवत नाही. ते विकले की संपत्तीचे रूप बदलते, इतकेच. रूप बदललेली संपत्ती जपून ठेवली तर पुढच्या पिढीचा वाटा शाबूत राहतो. खर्च केली तर तो वाटा आपण खाल्ला.

१९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, असा प्रश्न विचारला होता. श्रीमंत देशांनी उपदेश करायचा आणि गरिबांनी चूल विझवून बसायचे, हे त्यांना मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते. पण गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाचा वापर फार सैल झाला. कुठल्याही खाणीसमोर, धरणासमोर, कारखान्यासमोर कुणी उभे राहिले की त्याला गरिबीचा दाखला दिला जातो. ज्याची विहीर आटली, ज्याचे वायंगण गेले, तो गरीब या दाखल्यात बसत नाही. सत्तरी तालुक्यातल्या सोनशीत एप्रिल २०१७मध्ये लोकांनी धुळीविरुद्ध आणि पाण्यासाठी खनिजाचे ट्रक अडवले. ४५ जणांना, त्यांत बायाही, अटक झाली. त्यातले बरेच जण कितीतरी दिवस तुरुंगात राहिले. पुढे उच्च न्यायालयाने गावातल्या प्रदूषणाची दखल घेतली. खाणीला लागून असलेल्या वाड्यावर माणसाला पिण्याचे पाणी आणि श्वासाला स्वच्छ हवा मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, तर तो विकास कुणाचा झाला?

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. राज्य सरकारने सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तेव्हा ज्यांच्या दारात ट्रक उभे राहिले ती माणसे गावातलीच होती. तेजीच्या काळात शेत पडीक पडलेल्यांनीच कर्ज काढून ट्रक घेतले होते. कुणी जमिनीच्या भरपाईतून, कुणी बायकोचे दागिने ठेवून. बंदीनंतर हप्ते थकले, ट्रक दारात गंजले, टायरची दुकाने, गॅरेज, चहाचे गाडे बंद झाले. बार्जवरचे तांडेल-खलाशी घरी बसले. सरकारला कर्जसवलतीच्या आणि मदतीच्या योजना काढाव्या लागल्या. ज्यांचे शेत खाणीने नेले त्यांचीच उपजीविका खाण बंद झाल्यावर गेली. पर्यावरणाची बाजू मांडणाऱ्यांनी या माणसाचा राग समजून घेतला नाही, असे मला खाणपट्ट्यात फिरताना वारंवार जाणवले. पणजीच्या सभागृहात बंदीचे स्वागत होत होते तेव्हा डिचोलीत घराघरांत हप्त्यांचे हिशेब चालू होते. पण या माणसाला कुणी वाऱ्यावर सोडले? काढलेल्या खनिजाचा रास्त भाव चाळीस वर्षे बाजूला ठेवला असता तर बंदीच्या वर्षात त्याच पैशातून या घरांना आधार देता आला असता, आणि तोही उपकार म्हणून नव्हे, त्यांचा हक्क म्हणून.

नेमके हेच न्यायालयाने २०१४च्या निकालात सुचवले. गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवरचा तो निकाल. संस्थेमागे क्लॉड आल्वारिस यांची अनेक दशकांची चिकाटी आहे. निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नाही असे सांगितले, आणि विक्रीच्या रकमेतला दहा टक्के वाटा एका कायम निधीत टाकायला लावला: गोवा लोहखनिज कायम निधी. पिढ्यांमधली समता हे कारण न्यायालयाने त्यासाठी दिले. अजून जन्माला न आलेल्या माणसांचा हिस्सा वेगळा काढून ठेवायचा, तोही खनिजाच्या विक्रीतून, हे आपल्या देशात नवे होते. आमच्या वर्तमानपत्रांनी या कलमापेक्षा टनांच्या मर्यादेवर जास्त रकाने भरले, याची मला आजही खंत वाटते.

या कल्पनेला आधार नसता तर ती स्वप्नरंजन ठरली असती. नॉर्वेने तेलाच्या पैशासाठी १९९०मध्ये निधीचा कायदा केला, १९९६मध्ये पहिली रक्कम टाकली, आणि आज तो जगातला सर्वांत मोठा सार्वजनिक निधी आहे. सरकार त्यातून अपेक्षित परताव्यापुरतेच, आता साधारण तीन टक्के, खर्च करते. पण नॉर्वे श्रीमंत, त्याचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. मग बोट्स्वाना पाहा. १९६६मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अत्यंत गरीब देशांत त्याची गणना होती. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. हिऱ्यांचा पैसा त्याने शाळा, रस्ते, दवाखाने आणि १९९४नंतर पुला निधी यांत गुंतवला. उलट टोकाला पॅसिफिकमधले नाउरू. २१ चौरस किलोमीटरचे बेट, १९६८मध्ये स्वतंत्र, फॉस्फेटच्या जोरावर काही काळ दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत. त्यांच्याकडेही ट्रस्ट होता, पण त्यातला पैसा उधळपट्टीत गेला. बेटाची सुमारे चार पंचमांश जमीन उकरलेली, खडकांचे सुळके उरलेली, आणि देश कर्जात. नुसता निधी उभारल्याने काम होत नाही. त्याला हात लावायला मनाई असली पाहिजे आणि त्याचा हिशेब प्रत्येक नागरिकाला दिसला पाहिजे. गोव्यात ‘गोंयची माती’ चळवळ हेच मागते: खनिजाचा पुरा भाव वसूल करा, सगळा निधीत ठेवा, आणि परतावा नागरिकांना समान लाभांश म्हणून द्या. त्यातला लाभांशाचा भाग मला अजून पुरता पटलेला नाही. छोट्या रकमेने गावाचे पाणी परत येत नाही. पण पहिल्या दोन मागण्यांशी वाद घालायला मला कारण सापडत नाही.

२०१४नंतर लगेच सगळे सुधारले असते तर हा लेख इथे संपला असता. नव्या खाण कायद्याने पट्टे लिलावानेच द्यायचे ठरवले आणि त्याचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ला आला. गोवा सरकारने त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत, अगदी त्या दिवसापर्यंत, जुन्या मालकांच्या ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण करून टाकले. लिलाव टाळला. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ला ती सगळी नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. म्हणजे ट्रकवाल्याला दुसऱ्यांदा फटका बसला, आणि तो ज्यांच्या घाईमुळे बसला त्यांना कुणी जाब विचारला नाही. इकडे केंद्राने २०१९च्या राष्ट्रीय खनिज धोरणात खनिजे ही सर्वांची सामायिक वारसासंपत्ती आहेत आणि राज्य तिचे विश्वस्त आहे, हे लिहून टाकले. धोरणात ते फार चांगले वाचायला मिळते.

डिसेंबर २०२२मध्ये अखेर लिलाव सुरू झाले. डिचोली, शिरगाव-मये असे गट विकले गेले. बोली लावायची ती सरकारला विक्रीमूल्याचा किती टक्के वाटा देणार याची. डिचोलीच्या गटाला साठ टक्क्यांहून अधिक बोली लागली, काही गटांना नव्वदीच्या पुढे. ज्या खनिजावर आपण टनामागे पंचवीस-तीस रुपये घेत होतो त्याच्या किमतीतले साठ ते नव्वद टक्के देऊनही धंदा करायला आज व्यावसायिक तयार आहेत. मागच्या अर्धशतकात किती हातचे गेले, याचा याहून स्पष्ट पुरावा कुठला आयोग देणार?

नवे पट्टे पन्नास वर्षांचे आहेत. त्यांतून येणारा पैसा मोठा असेल, आणि तो पुन्हा महसूल म्हणून अंदाजपत्रकात विरघळला तर आपण मागच्या चुकीचीच मोठी आवृत्ती काढू. म्हणून माझ्या मते तीन कामे आत्ता, खाणी पुरत्या जोर धरण्याआधी झाली पाहिजेत. दहा टक्क्यांवर न थांबता बोलीचा पुरा वाटा कायम निधीत जावा. प्रत्येक खाणीच्या भोवतालच्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून पंचायतीच्या फळ्यावर लागावी, आणि ती ठरलेल्या रेषेखाली गेली की उपसा थांबावा. टँकर पाठवून विषय मिटवू नये. आणि ज्यांच्या जमिनीतून ट्रक जातो, ज्यांच्या डोंगरात खाण आहे, त्यांना विचारल्याशिवाय काहीही होऊ नये. केपे तालुक्यातल्या कावरेच्या आदिवासींनी कधीच म्हटले होते की खाण करायचीच असेल तर ती आमच्या सहकारी संस्थेला करू द्या. त्या मागणीचा गंभीरपणे विचार झाला नाही.

तोवर जुन्या खाणींत पाणी साठलेलेच आहे, हिरवट निळे, खोल. मध्यंतरी उन्हाळ्यात टंचाई आली तेव्हा डिचोलीतल्या खाणींचे हे पाणी उपसून नदीत सोडले गेले, पुढे ते शुद्ध करून लोकांच्या नळाला देण्यासाठी. साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणींचे पट्टे आहेत, आणि दक्षिण गोव्याचा मोठा भाग त्याच धरणाचे पाणी पितो. डिचोलीचा गट सुरू झाल्यावर पिळगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या शेतजमिनीतून जाणारा खनिजवाहतुकीचा रस्ता अडवून धरला. जमीन आमची, रस्ता कुणाच्या परवानगीने, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तो प्रश्न १९८७लाही होता, २००७लाही होता, आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या पट्ट्यावर सह्या करतानाही त्यांना कुणी विचारले नाही.